शेजारी उभी असलेली

फोन आला तेव्हा ती दोन माणसांच्या मधल्या दहा मिनिटांत होती. या दहा मिनिटांत ती नेहमी त्याच गोष्टी करी. समोरच्या खुर्चीवरची उशी झटकून उभी करी, टिश्यूच्या खोक्यातला पुढचा कागद अर्धा ओढून ठेवी, म्हणजे रडणाऱ्याला तो उपटावा लागू नये, आणि खिडकी बोटभर उघडून मागच्या माणसाचं बोलणं खोलीतून निघून जाईपर्यंत नुसती उभी राही. फोनवरची बाई घाईत होती. घरी आजाऱ्यांना सांभाळायला बायका पुरवणाऱ्या ब्युरोतून बोलतेय, म्हणाली. आमच्या एका बाईविरुद्ध लेखी तक्रार आलीय आणि तिच्यात तुमचं नाव आहे.

"माझं?"

"हो ना. वाचूनच दाखवते. 'सदर बाईने माझ्या पत्नीच्या अखेरच्या वेळी मला कळवले नाही. तिच्या हलगर्जीपणाबद्दल व एकंदर त्या लोकांच्या स्वभावाबद्दल माझ्या समुपदेशक बाईंचेही हेच मत आहे.' खाली तुमचा नंबर. आता तुम्ही शिकलेल्या, जवळजवळ डॉक्टरच. तुमचं तसं मत असेल तर बाईला कमी करावं लागेल आम्हाला. आमच्या यादीतून नाव गेलं की दुसरा ब्युरोही उभं करत नाही. तेवढं हो की नाही सांगा, मला अजून फोन करायचेत."

तिच्या धंद्यात एक नियम असा होता की खोलीत कोण काय बोललं हे तर बाहेर सांगायचं नाहीच, पण कोण येतं हेसुद्धा सांगायचं नाही. तिने तो नियम पंधरा वर्षांत एकदाही मोडला नव्हता. "असा कोणी माझ्याकडे येतो की नाही, हेही मला सांगता येणार नाही," ती म्हणाली.

"म्हणजे तुम्ही नाही म्हणत नाही."

"मी हो पण म्हणत नाहीये. मी काहीच म्हणत नाहीये."

"बरं बरं," बाईचा आवाज एकदम समजूतदार झाला. "कळलं मला. शुक्रवारी आमची मीटिंग आहे. तोवर काही वाटलं तर कळवा."

फोन ठेवल्यावर ती खिडकीशी गेली, पण खिडकी उघडायचं राहून गेलं. काय कळलं असेल त्या बाईला? तिला वाटलं, आपण नुसता श्वास जरी घेतला असता तरी त्या बाईने तो होकारात धरला असता. दार वाजलं. पुढचा माणूस आला, आपल्या भावाबद्दल पन्नास मिनिटं बोलला, आणि ती पन्नास मिनिटं मान हलवत राहिली. माणूस गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आज पहिल्यांदाच आपण मान किती वेळा हलवतो ते मोजत होतो. एकतीस वेळा.

तक्रार कोणाची हे विचारायची गरज नव्हती. गुरुवारी चार वाजता येणारा तो लिफ्टचा निवृत्त तपासनीस. एकाहत्तर वर्षांचा, कडक इस्त्रीचा, शर्टच्या खिशात तीन पेनं. बायको वर्षभर अंथरुणाला खिळून होती. तिला जाऊन सहा महिने झाले होते आणि तेव्हापासून त्याला जेवण जात नव्हतं. घास तोंडात फिरत राहतो, म्हणायचा. अठरा गुरुवार झाले होते. पहिल्या दिवशी तो खुर्चीत बसायच्या आधी खोलीभर फिरला होता, दाराची बिजागरी हलवून पाहिली होती, आणि मग म्हणाला होता, "खोली ठीक आहे." तिला ते आवडलं होतं. माणूस आपल्या हत्यारांनी जग तपासतो, त्यात खोटं काही नसतं, असं तिने वहीत लिहिलंही होतं. तिसऱ्या गुरुवारी तो म्हणाला, सांभाळायला ब्युरोने बाई पाठवली तीही पलीकडचीच. चौथ्या गुरुवारी म्हणाला, त्यांच्यात माया अशी नसतेच हो, पोटासाठी करतात सगळं. मग दर गुरुवारी थोडं थोडं. ते हसतात कसे, त्यांच्या अंगाला वास कसला येतो, ते आपल्यासमोर आपल्या भाषेत बोलतात आणि पाठ वळली की त्यांच्या. ती ऐकत राहिली. दुःखाला बसायला जागा लागते, तो ते त्या बाईच्या अंगावर नेऊन बसवतोय, आपण घाई करायची नाही, असं तिचं शिक्षण तिला सांगत होतं. आणि ती मान हलवत होती.

पलीकडचे म्हणजे नदीपलीकडून दोन पिढ्यांमागे आलेले. आता त्यांची मुलं याच शहरात जन्मलेली, याच शाळांत मार खाल्लेली, पण ती पलीकडचीच राहिली. रंगाने सावळी, ओठांनी जाड, असं लोक म्हणत, आणि दिसण्यावरून कळलं नाही तर नखांवरून कळतं, असंही म्हणत. नखाच्या मुळाशी एक काळपट रेघ असते, ती साबणाने जात नाही. हे सहाव्या गुरुवारी त्यानेच तिला समजावून सांगितलं होतं, एखाद्या यंत्राचा दोष दाखवावा तसं. "कितीही उजळ असू दे. नखाशी बघावं." आणि त्याची नजर तिच्या वहीवरच्या हातांवर आली होती. तिने हात हलवले नव्हते. हलवले असते तर त्याला कळलं असतं. पण न हलवलेले हातही दिसतातच की. तिचा रंग वडिलांचा होता. नखं आईची, म्हणजे सगळ्या जगाची असतात तशीच. तरी त्या दिवशी घरी गेल्यावर तिने बाथरूमच्या दिव्याखाली दहाही बोटं धरून पाहिली होती, आणि स्वतःची इतकी लाज तिला पूर्वी कधी वाटली नव्हती.

तेव्हापासून संशय. त्याला माहीत असेल का? शहरात समुपदेशक काय कमी होते, हा नेमका आपल्याकडेच का आला? कोणी पाठवलं? फॉर्मवर त्याने लिहिलं होतं: स्वतः चौकशी केली. कसली चौकशी? कधी तिला वाटे की तो मुद्दाम बोलतो, खिळा ठोकून भिंत पोकळ आहे का पाहावं तसं. कधी वाटे की त्याला काहीही ठाऊक नाही आणि हे सगळं आपल्याच डोक्यातलं खूळ आहे. दोन्हीपैकी कुठलं जास्त वाईट हे तिला ठरवता येत नव्हतं. तो असं बोलू लागला की तिला झोप यायची. राग नाही, अपमान नाही, झोप. डोळ्यांच्या मागे कोणीतरी हळूच पडदा ओढल्यासारखी.

बुधवारी दुपारी ती थोरल्या डॉक्टरांकडे गेली. दर पंधरा दिवसांनी आपली अडलेली प्रकरणं ती त्यांच्यापुढे मांडायची. या धंद्यात ऐकणाऱ्याचंही कोणीतरी ऐकावं लागतं. थोरल्या डॉक्टरांनी स्वतः उठून तिच्यासाठी चहा ओतला. हेही नवीन होतं. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत चहा ज्याचा त्याने ओतायचा असा तिथला रिवाज होता. मग तिची आई गेली, थोरल्या डॉक्टर अंत्ययात्रेला आल्या, तिथे त्यांनी आईची बहीण पाहिली, आईचे भाचे पाहिले, आणि तेव्हापासून चहा त्या ओतत होत्या. त्या मायेचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. कपाची कड तिला दर वेळी जरा जास्तच गरम लागायची.

"तुला राग येतो का त्याचा?"

"नाही."

"मग काय येतं?"

"झोप."

थोरल्या डॉक्टर हसल्या, मग हसू आवरलं. "हे बघ, त्याचे ते विचार म्हणजे लक्षण समज. ताप असतो तसं. तापाशी आपण भांडत नाही."

"ताप दुसऱ्याला लागतो, बाई. त्या बाईची नोकरी चाललीय."

"ते खरं. पण तू ब्युरोला काही कळवू शकत नाहीस, हेही खरं. जे करायचं ते त्याच्याशीच, खोलीत." त्यांनी चमचा बशीत ठेवला. "आणि तुला जड जात असेल तर त्याला दुसऱ्या कोणाकडे पाठवू. कोणी नावं ठेवणार नाही. सध्या तुझं… आई गेल्यापासून…"

"आई गेल्यापासून नाही. तुम्ही माझ्या मावशीला पाहिल्यापासून."

थोरल्या डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"असं कोण विचारतं, वेडे?"

"तो विचारेल," ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला कळलं की आपल्याला भीती याचीच आहे. पन्नास मिनिटांच्या त्या खुर्चीतून तो तिला विचारेल, आणि ती काय सांगेल? हो म्हटलं तर तिचं पुढचं प्रत्येक वाक्य त्याच्या लेखी रद्दी. आपल्या माणसांची बाजू घेणारच ही. नाही म्हटलं तर दोन महिन्यांपूर्वी गेलेल्या आईला ती पुन्हा एकदा, या खेपेला स्वतःच्या तोंडाने, दाराबाहेर काढणार. आणि तिसरा मार्ग धंद्याने शिकवलेला: तसं असेल तर तुम्हाला काय वाटेल? हा तिसरा मार्ग तिला सर्वांत घाणेरडा वाटला, कारण तो सर्वांत सोपा होता.

संध्याकाळी ती आईच्या घरी गेली. मावशी आधीच येऊन कपाट उपसत बसली होती. मावशीने कधी काही लपवलं नव्हतं. भाजीवाल्यापासून बँकेपर्यंत सगळीकडे ती आपल्या पलीकडच्या हेलातच बोलायची आणि समोरच्याला कळलं नाही तर तेच वाक्य मोठ्याने म्हणायची. "ये गं, फिक्क्यांची पोर," ती म्हणाली. इथल्या लोकांना मावशी फिक्के म्हणायची, आणि त्यांना चव नसते, लाज नसते आणि पोटऱ्या नसतात असं तिचं पक्कं मत होतं. "हे बघ, तुझ्या आईचे हातरुमाल. सत्तावीस. एवढं काय पुसायची कोण जाणे."

"आवाज," ती म्हणाली. मावशीला ते पटलं असावं. ती खो खो हसली आणि मग हसता हसता रुमालातच नाक शिंकरलं.

आई एका औषध कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर होती. चाळीस लाइनी, कानाला हेडफोन, आणि तिचा तो आवाज. इतका स्वच्छ, इतका इथला, की बाहेरगावचे साहेब तो ऐकण्यासाठी उगाच फोन करत. मावशी त्याला आईचा गोरा आवाज म्हणायची. मुलाखतसुद्धा फोनवरच झाली होती. आई प्रत्यक्ष हजर झाली तेव्हा साहेबांचं तोंड पाहण्यासारखं झालं, पण तोवर पत्र टाइप झालं होतं, आणि बोर्डाची खोली जिन्याखाली होती, तिथे कोणी येणार नव्हतं. एकदा शाळेला अर्धी सुट्टी होती म्हणून ती आईशेजारच्या स्टुलावर बसली होती, जास्तीचा हेडफोन कानाला लावून. लाइनीवरून एक माणूस म्हणाला, बाई, आज गाडीवर तो पलीकडचा ड्रायव्हर पाठवू नका, सीटला वास बसतो. तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आई पेन्सिलीने कागदावर छोटे छोटे चौकोन काढत होती. "जोडून देते हं," आई गोड आवाजात म्हणाली, आणि जोडून दिलं. बसमधून येताना तिने विचारलं, तू काही बोलली का नाहीस. आई बाहेर बघत होती. "बोलायचा पगार नव्हता मला," म्हणाली. "जोडायचा होता." तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि आईचा तिला राग आला होता, पुढे शिकली, मोठमोठ्या पुस्तकांतून शांत राहण्याच्या तऱ्हा शिकली, रिकाम्या जागेत रोग्याचं मन कसं उतरतं ते शिकली, आणि तिला वाटलं होतं की ही शांतता माझी, ही मी कमावलेली. आता कपाटासमोर बसून तिला शंका येत होती की कमावलं काहीच नाही. जिन्याखालच्या त्या स्टुलावर मिळालं ते मिळालं, वर फक्त पदवी चिकटली.

"ती शेवटी काय बोलत होती गं, मावशी?" तिने विचारलं. हे तिने आजवर विचारलं नव्हतं. इस्पितळातल्या शेवटच्या चार दिवसांत आईचा गोरा आवाज गळून पडला होता आणि आई फक्त पलीकडची भाषा बोलत होती, जी तिने मुलीला कधी शिकवली नव्हती. मावशी तेव्हा स्वतःच तापाने पडली होती. वॉर्डातली एक आया होती, पलीकडची, तिला कळायचं. ती आईची चादर बदलताना काहीतरी म्हणायची, आई काहीतरी म्हणायची, आणि दोघी हसायच्या. मुलगी पलंगाच्या पायथ्याशी उभी. "काय म्हणाली?" तिने आयाला विचारलं होतं. "काही नाही ताई, थट्टा केली." कसली थट्टा? कोणाची? त्या क्षणी तिच्या मनात त्या आयाबद्दल जे आलं होतं ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं. शब्दांत आलं नव्हतं म्हणून सांगता येत नव्हतं असं नाही. शब्दांतच आलं होतं. इथल्या लोकांच्या तोंडी असतात त्याच शब्दांत.

"मला कसं ठाऊक?" मावशी म्हणाली. "मी होते का तिथे? तू होतीस." मग, "तुला शिकवायला पाहिजे होतं तिने. मी म्हणायची. तर म्हणायची, नको, पोरीच्या जिभेला वळण लागेल. घे, हे रुमाल घेऊन जा. मला नकोत ते फिक्के रुमाल."

गुरुवारी चार वाजता तो आला. इस्त्री, तीन पेनं. बसला. घसा साफ केला. ब्युरोचं तो काहीच बोलला नाही. जेवणाचं बोलला, की मंगळवारी अर्धी पोळी गेली. तिला वाटलं तो वाट बघतोय. तिला वाटलं आपण वाट बघतोय आणि तो ते बघतोय. दहा मिनिटं गेली.

"मला एक फोन आला होता," ती म्हणाली. "ब्युरोतून. तुम्ही तक्रारीत माझं मत लिहिलंय."

"लिहिलंय ना." तो अजिबात चपापला नाही. "खरंच आहे ते."

"मी ते मत तुम्हाला कधी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? अठरा वेळा मी या खुर्चीत बसून बोललो. तुम्ही समोर होतात. मान हलवलीत. वहीत लिहून घेतलंत. एकदा तरी म्हणालात का, हे चूक आहे?" तो समजावणीच्या सुरात पुढे झुकला. "आमच्या खात्यात कसं असतं सांगतो. तपासणीला मी आत उतरतो, दोर बघतो, ब्रेक बघतो, मोठ्याने बोलून दोष सांगतो. शेजारी इमारतीचा माणूस उभा असतो. त्याने हरकत घेतली तर तसं लिहायचं. नाही घेतली तर मान्य धरायचं, त्याची सही असो नसो. चाळीस वर्षं मी असंच केलं. नाहीतर कामं व्हायची कशी?"

तिला वाटलं होतं तो लबाड असेल. लबाडाशी काय करायचं हे तिला थोडंफार येत होतं. पण हा माणूस प्रामाणिकपणे, आपल्या चाळीस वर्षांच्या रीतीने, तिला साक्षीदार धरून बसला होता. आणि त्याची रीत काही चुकीची नव्हती. शेजारी उभी असलेली ती होतीच. डोळ्यांमागचा पडदा ओढला जाऊ लागला, ती ओळखीची झोप वर येऊ लागली, आणि तिने टाचा जमिनीला घट्ट टेकवल्या.

"मग आता धरा," ती म्हणाली. "माझी हरकत आहे."

"कशाला?"

"सगळ्याला. त्यांच्यात माया नसते, याला. त्यांच्या वासाला. नखांना. तुम्ही बोललात आणि मी ऐकलं, कारण मला वाटलं त्यामागे दुसरं काही आहे आणि ते आपण होऊन बाहेर येईल. अजूनही वाटतं. पण मी गप्प होते ते पटलं म्हणून नव्हे."

"अठरा आठवड्यांनी सांगताय हे?"

"हो. उशीर झाला. तो माझा दोष, तो लिहा."

तो खुर्चीत मागे टेकला. बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला, आधी चेहऱ्याकडे, मग हळूहळू खाली. तिला पुढचं वाक्य येताना दिसलं, जिन्यावरून कोणी चढत यावं तसं, एकेक पायरी.

"तुम्ही त्यांच्यातल्या का?"

तसं असेल तर तुम्हाला काय वाटेल, हे वाक्य जिभेच्या टोकावर तयारच होतं, गुळगुळीत, हजार वेळा वापरलेलं. तिने ते गिळलं. "माझी आई त्यांच्यातली होती. दोन महिन्यांपूर्वी गेली."

त्याने मान हलवली. अगदी तिच्यासारखी. तिला त्यातून काहीच कळलं नाही, आणि आपण पंधरा वर्षं माणसांना काय देत आलो ते तिला त्या क्षणी दिसलं.

"मग तुमची हरकत कशी धरायची?" तो शेवटी म्हणाला. आवाजात कडवटपणा नव्हता, नुसती अडचण होती. "तुम्ही तर त्या बाजूच्याच झालात. आणि एवढे दिवस मला बोलू दिलंत. मी काय काय बोललो इथे. आधी सांगितलं असतंत तर माणूस तोंड सांभाळून बोलला असता."

"नका धरू माझी हरकत. तपासणी तुमचीच असू द्या. मी फक्त शेजारी उभी आहे. तुम्ही काय पाहिलंत ते सांगा. ऐकलेलं नको, त्या लोकांचं नको. बायको गेली त्या दुपारी त्या खोलीत त्या बाईने काय केलं, तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलंत?"

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पिंपिं बराच वेळ चालली. तो खिशातल्या पेनांना हात लावत होता, पहिलं, दुसरं, तिसरं.

"मी खोलीत नव्हतो," तो म्हणाला. "लिफ्ट आवाज करत होती आमच्या इमारतीची. दोन दिवस करत होती. मेकॅनिक आला होता, पोरगेलासा, त्याला काही कळत नव्हतं. मी गच्चीवर मोटरच्या खोलीत गेलो, त्याला दाखवायला. माझं काम नव्हतं. निवृत्त झालोय मी. पण तिथे मला बरं वाटत होतं. खाली घरात… त्या दोघींचं चालायचं काहीतरी. हिला त्या बाईने तिच्या भाषेतले शब्द शिकवले होते. आजारी माणूस, पाणी मागायचं तर त्या भाषेत मागायची. आणि हसायच्या. मी आत गेलो की थांबायच्या. बेचाळीस वर्षं संसार केला मी, माझ्यासमोर ती इतकी कधी हसली नाही."

तिने मान हलवली नाही. पायथ्याशी उभं राहून ऐकलेलं ते हसणं तिच्या कानात होतं आणि तिने ते तिथेच राहू दिलं.

"वर किती वेळ होतात?"

"वीस मिनिटं. पंचवीस. मोटरच्या खोलीत आवाज असतो."

"आणि तिने तुम्हाला कळवलं नाही."

पेनांवरचा हात थांबला. तिच्या मनात आलं, आता हा उठेल. दार उघडेल, आणि उद्या शुक्रवारच्या मीटिंगमध्ये एका बाईचं नाव यादीतून खोडलं जाईल, आणि मला हे सगळं ठाऊक असून मी पुन्हा फोनवर म्हणेन की मी काहीच म्हणत नाहीये.

"फोन केला होता," तो म्हणाला. "सात वेळा. मी खाली आल्यावर पाहिलं. मग पुसून टाकले." त्याने वर पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत एक बारीक, हिशेबी चमक आली, जी तिला अठरा गुरुवार कधी दिसली नव्हती किंवा दिसूनही तिने पाहिली नव्हती. "हे तुम्हाला बाहेर सांगता येत नाही ना?"

म्हणून सांगितलं तर याने. तिच्याकडे सांगितलेली गोष्ट विहिरीत टाकल्यासारखी, हे त्याने आधीच तपासून घेतलं असणार, बिजागरीसारखं. "नाही," ती म्हणाली. "मला नाही सांगता येत. तुम्हाला येतं."

त्याने फोन काढला, चष्मा वर केला, नंबर लावला आणि कानाला धरला. आपलं नाव सांगितलं, तक्रारीचा दिनांक सांगितला. "दुरुस्ती आहे," तो म्हणाला. "समुपदेशक बाईंचं वाक्य काढून टाका. त्यांचं तसं मत नाही. हो. एवढंच." आणि तिच्याकडे पाहिलं, माणूस देणं फेडून मोकळा झाल्यावर बघतो तसं.

ती सुटली होती. तिचं नाव निघालं होतं, नियम शाबूत होता, आता कोणी तिला फोन करणार नव्हतं. एक क्षण तिला खरोखर हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची तिला किळस आली. "एवढंच नाही," ती म्हणाली. मोठ्याने, फोनमध्ये ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

त्याने फोन कानावरून काढला नाही. त्याचा जबडा हलत होता, घास फिरत असल्यासारखा. "ती तसली असली तरी," तो फोनमध्ये म्हणाला, आणि थांबला. "फोन केले होते तिने. मला. सात. मी घेतले नाहीत."

तिला पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. फोनचा काळा पाठीमागचा भाग तेवढा दिसत होता. पलीकडे कोणी आहे की त्याने तो केव्हाच बंद केलाय आणि रिकाम्या फोनमध्ये बोलतोय, तिच्यासाठी, खेळ म्हणून? दोन दिवसांपूर्वी तिने ही शंका मनात ठेवली असती, वहीत लिहिली असती, चार गुरुवार तिच्यावर विचार केला असता.

"जरा स्पीकरवर टाका," ती म्हणाली. "माझा विश्वास बसत नाहीये."

त्याने तिच्याकडे पाहिलं. चिडून नव्हे, कोणी आपल्या कामात चूक काढली तर जाणता माणूस बघतो तसं. फोन कानावरून काढून त्याने मधल्या टेबलावर ठेवला, टिश्यूच्या खोक्याशेजारी, आणि बोटाने दाबला. ब्युरोतल्या बाईचा घाईतला आवाज खोलीभर झाला. "…ऐकू येतंय का काका? सात म्हणालात ना? मग वेळा सांगा, लिहून घेते. नसतील आठवत तर राहू द्या."

"आठवतात," तो म्हणाला. त्याने हात मांडीवर सरळ ठेवले आणि भिंतीकडे बघत सावकाश, दोष सांगावा तसं, एकेक सांगायला सुरुवात केली. "पहिला दोन वाजून चार मिनिटांनी. दुसरा दोन वाजून पाच. तिसराही पाचलाच."